रेषा दिसल्या का?

होळी झाली की समोरच्या शाळेच्या फळ्यावर सूचना लागते, ‘सोमवारपासून शाळा सकाळची’, आणि मुली टाळ्या पिटतात. मी खिडकीतून बघते. साठी उलटली माझी, उभा जन्म शाळेत गेला, तरी ती एवढीशी ओळ वाचली की मी खिडकीपासून मागे सरते. त्याच आठवड्यात फुलवाली दारात ओरडायला लागते, ‘मोगरा घ्या, मोगरा!’ मी नको म्हणते. शेजारच्या सुनेला वाटतं, म्हातारी खडूस आहे. असू दे. लोकांना मोगऱ्याच्या वासानं लग्नं आठवतात, माठातलं पाणी आठवतं, गच्चीवरची अंथरुणं आठवतात. मला भीती आठवते. सरळ सांगते, त्यात कसली लाज?

त्या वर्षी मी चौथीत होते. गोऱ्या साहेबाचं राज्य होतं, दुसरी मोठी लढाई अजून लागायची होती. नाशकाबाहेर, नासर्डी नदीच्या काठी आमचा मळा. थोडी बाजरी, थोडी भाजी, पण खरा मळा फुलांचा. थंडीत शेवंती, उन्हाळ्यात मोगरा. आणि मोगऱ्याचे नखरे काय सांगू! कळी ज्या दिवशी उमलायची त्याच दिवशी पहाटे तोडावी लागते. पांढरी, टपोरी, पण तोंड मिटलेली. आदल्या संध्याकाळी तोडली तर हिरवी राहते, उमलतच नाही. ऊन चढू दिलं तर सैल पडते, मग बाजारात तिला कुणी हात लावत नाही. म्हणजे उजाडणं आणि ऊन चढणं यांच्यामध्ये जो काय वेळ मिळेल, तेवढाच आमचा.

मग उजाडायच्या आधीच का नाही सुरुवात करायची? कारण झुडपांच्या बुडाशी गारवा असतो आणि त्या गारव्याला लांबडं येऊन बसतं. त्याचं खरं नाव आमच्याकडे अंधारात घेत नसत. लांबडं म्हणायचं, नाहीतर जनावर. माझा थोरला काका त्याच वाफ्यात गेला होता, माझ्या जन्माआधी. कंदील न्यावा म्हटलं तर कंदिलावर किडे येतात, किड्यांवर बेडूक, आणि बेडकांच्या मागं कोण येतं ते सांगायला नको. म्हणून नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नियमच घालून दिला होता: आपल्या तळहाताच्या रेषा दिसल्याशिवाय झुडपात हात घालायचा नाही.

आता रेषा बघायच्या कुणी? नानांना अंधुक उजेडात दिसतच नसे. आईचा हात कामानं असा घासला होता, की ‘माझ्या हातावर भर दुपारी रेष सापडायची नाय,’ असं तीच म्हणायची. धाकटी ठकी सहा वर्षांची, तिचं कोण खरं धरणार? राहिले मी. घरात डोळे तेज ते माझेच. पहाटे आम्ही चौघं बांधावर उभी राहायचो, कळ्यांसाठी पाट्या काखेत, अंगात हुडहुडी. नाना विचारायचे, ‘भागे, रेषा दिसल्या का?’ मी तळहात नाकाशी धरायची. ‘नाय अजून.’ जरा वेळानं पुन्हा, ‘दिसल्या का?’ ‘नाय.’ आणि मग एकदम, कशा कोण जाणे, त्या दिसायच्या. आधी अंगठ्याखालची, मग आडव्या दोन. ‘दिसल्या!’ मी ओरडायची आणि आठ हात झुडपांत जायचे. माझ्या शब्दावर. त्या एका शब्दाचा मला फार तोरा होता.

सकाळची शाळा सातला भरे. घरात घड्याळ नव्हतं, पण कधी अडलं नाही. कळ्या तोडायच्या, माझी ओळ संपवायची, ओल्या फडक्यात बांधलेली पाटी डोक्यावर घेऊन गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, फुलबाजारात हारवाल्या चाचांकडे टाकायची आणि तशीच शाळेत जायचं. प्रार्थनेला मी हजर असायची, श्वास लागलेला असला तरी.

तेव्हा गावात दोन वेळा चालायच्या. एक स्टेशनची आणि एक जुनी, गावची. स्टेशनचं घड्याळ गावापेक्षा अर्धा तास, वर थोडं, पुढे. गाडी गाठायची तर स्टेशनची वेळ, बाकी सगळं जुन्या वेळेवर. आमची शाळाही जुन्या वेळेवर होती. त्या वर्षी होळीनंतर मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, सगळ्या वर्गांना अंगणात उभं केलं आणि सांगितलं, की वरून हुकूम आला आहे, उद्यापासून शाळेचं घड्याळ स्टेशनप्रमाणे चालेल. शिपाई स्टुलावर चढला आणि आमच्या डोळ्यांदेखत त्यानं काटा पुढे सरकवला. फळ्यावरचे सात तेच राहिले. मुलींना काही कळलं नाही. मी मात्र तिथल्या तिथे हिशेब केला: शाळा आता अर्धा तास आधीच भरणार.

घरी सांगितलं तर नाना हसले. ‘सूर्याला सांगितलं का तुमच्या बाईनं? का त्याला बी हुकूम पाठवला?’

पहिल्याच दिवशी पोहोचले तर दार बंद. मोठ्या बाईंचा नियम असा, की प्रार्थनेनंतर दार लावायचं, उशिरा आलेल्या मुलीला ओट्यावर उभं करायचं आणि हजेरीपटावर तांबडी फुली मारायची. एका उन्हाळ्यात तीन फुल्या झाल्या की नाव कमी. दुसऱ्या दिवशी मी एवढी पळाले की नासर्डीच्या वाळूत एक वहाण गेली. तरी दार बंदच. दोन दिवसांत दोन फुल्या. एक राहिली.

नाव कमी होणं म्हणजे काय, हे आताच्या मुलींना कसं सांगू? आमच्या वस्तीतली शाळेत जाणारी मी एकटी. नानांनी मला घातलं तेच आईनं धोसरा लावला म्हणून, आणि घालतानाच सांगितलं होतं, ‘शाळेनं काढलं तर काढलं. मी काय परत पाया पडायला जाणार नाय.’ नाना रागीट नव्हते, पण बोलले ते बोलले. माझ्याबरोबरीच्या दोघींची लग्नं ठरून गेली होती. सटाण्याच्या आत्यानं माझ्यासाठीही एक स्थळ मनात धरून ठेवलं होतं आणि चैत्र सरता सरता ती येणार होती. मला बाई व्हायचं होतं. खडूचा हात पदराला पुसणारी, काखेत हजेरीपट धरणारी बाई. हे मी कुणाला बोलले नव्हते, आईलासुद्धा नाही. पण आईला न बोललेलंच जास्त कळायचं.

दुसऱ्या फुलीच्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी आई शाळेत आली. धुतलेलं लुगडं, पायांत काही नाही, हातात पानात बांधलेल्या कळ्या. मोठ्या बाई टेबलाशी बसल्या होत्या. मी दाराआड. आई उंबऱ्याच्या बाहेरूनच म्हणाली, ‘बाई, सकाळची शाळा जरा अर्धा तास उशिरा भरवा की. आमच्या पोरीला येता येत नाय.’

‘तिला लवकर उठवा.’

‘उठती हो ती. उजेडच उठत नाय.’

‘मग दिवा घ्या.’

‘दिव्यावर किडा येतो बाई, अन् किड्यावर…’ आई थांबली. दिवसाढवळ्यासुद्धा तिनं ते नाव घेतलं नाही.

मोठ्या बाई वाईट नव्हत्या. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, ‘हे बघा, तपासणीला डेप्युटीसाहेब कधीही येतात. घड्याळ मागे दिसलं तर माझी नोकरी जाईल. तुमच्या मुलीसाठी मी सगळी शाळा थांबवू शकत नाही.’ तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की मोठ्या बाईंनासुद्धा कुणाचीतरी भीती वाटते. त्यानं धीर आला असेल म्हणाल तर छे, मग आता विनवायचं तरी कुणाला? कळ्या त्यांनी घेतल्या नाहीत. आईनं त्या ओट्यावर ठेवल्या आणि आम्ही निघालो. 

दुसऱ्या दिवशी पहाटे बांधावर उभी असताना नानांनी विचारलं, ‘भागे, रेषा दिसल्या का?’

मी तळहात नाकाशी धरला. काही नव्हतं. काळा पंजा आणि त्याच्यामागं काळं झुडूप.

‘दिसल्या,’ मी म्हणाले.

नानांनी निमूट झुडपात हात घातला. त्यांना कुठं दिसत होतं, त्यांचे डोळे म्हणजे मीच. आईनं आपला तळहात एकदा वर धरला, मिटला, माझ्याकडे बघितलं. अंधार होता, म्हणजे बघितलं असं मला वाटलं. मग ती ठकीला म्हणाली, ‘ठके, तू आजपासून बांधावर बस. पाट्या सांभाळ.’ आणि ठकीची ओळ तिनं आपल्या ओळीला जोडून घेतली. वाफ्यात शिरताना ती पाय आपटत चालू लागली, धप धप, आणि झुडपाला हात लावायच्या आधी काठीनं बुंधा हलवायला लागली. आधी कधी असं करत नसे.

त्या दिवशी मी वेळेवर पोहोचले. दार उघडं होतं. आनंद झाला असेल असं वाटतं ना? मेला कसला आनंद! दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर नानांचा हात होता. पण दुसऱ्या दिवशी मी पुन्हा ‘दिसल्या’ म्हणाले, तिसऱ्या दिवशीही म्हणाले. एकदा खोटं बोललं की खरं बोलायची वाटच बंद होते. आज ‘नाही दिसत’ म्हणावं, तर मग कालच्या रेषा कुठल्या? रात्री आई भाकरी थापायची तेव्हा मी तिची बोटं मोजायची. दहा आहेत, उद्याही दहा असू देत, एवढंच देवाजवळ मागणं. गंमत म्हणजे ‘माझा हात’ असं माझ्या कधी मनातच आलं नाही. आपल्याला काही होईल असं त्या वयात वाटतच नाही.

फुलबाजारातल्या चाचांच्या लक्षात आलं. हारगजऱ्यांचा त्यांचा जुना धंदा, आमचा माल दरसाल तेच घ्यायचे. एक दिवस त्यांनी फडकं उघडून मूठभर कळ्या तळहातावर पसरल्या. ‘बेटा, तुमच्या मळ्याचा माल मी आँख बंद करून घेतो. हे काय? निम्मी कळी हिरवी!’ मी खाली मान घातली. ‘अंधेरे में तोडता काय?’ ‘नाही चाचा.’ त्यांनी कळ्या परत फडक्यात लोटल्या. ‘उजाडू देत जा, बेटा,’ म्हणाले, ‘फूल काय पळून जातंय?’ फूल नाही, पण शाळा पळून जात होती. ते त्यांना कसं सांगणार? 

मध्ये पाडवा आला. गुढी उभी राहिली, सगळ्यांनी कडुनिंबाचा पाला आणि गूळ चावला. ठकीनं तोंड वेडंवाकडं केलं, आम्ही हसलो. मीसुद्धा हसले. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती आणि मी अगदी खऱ्या रेषा दिसेपर्यंत ‘नाय’ म्हणत राहिले. नाना म्हणाले, ‘आज लय उशिरा उजाडलं.’ आई काठी न घेताच वाफ्यात शिरली.

आणि मग खोटेपणाचा नववा दिवस. मी दप्तर पाठीलाच बांधून तोडायची, म्हणजे तिथूनच पळता यावं. ‘दिसल्या’ म्हणून झालं होतं. आईची धपधप पलीकडच्या ओळीत ऐकू येत होती. मग ती थांबली.

‘हं,’ एवढंच आई म्हणाली.

‘काय झालं?’ नाना.

‘काय नाय. टोचलं कायतरी.’

मोगऱ्याला काटा नसतो. हे आम्हा चौघांनाही माहीत होतं.  नाना चाचपडत तिच्यापर्यंत गेले, मुंडाशाचं टोक फाडून तिच्या मनगटाला आवळलं आणि तिला बांधावर आणून बसवलं. मी कंदील आणला. बोटावर रक्त होतं, त्यात माती आणि पाल्याचा चुरा. एक खूण की दोन, काही समजेना. नानांनी विहिरीवरच्या कडुनिंबाची डहाळी ओरबाडून आणली. ‘चाव.’ विष भिनलं असेल तर कडुनिंब कडू लागत नाही, असं आमच्याकडे मानत. काकाच्या वेळी लागला नव्हता. ही गोष्ट घरात इतक्या वेळा सांगून झाली होती, की ठकीलाही पाठ होती. आई चावायला लागली आणि नाना गोठ्याकडे धावले. ‘मी गाडी जुंपतो. दवाखान्यात नेतो.’

मी पाठीवरचं दप्तर सोडून खाली ठेवलं. आईजवळ बसले. ‘आई, मला रेषा दिसल्या नव्हत्या,’ मी म्हणाले. ‘एकदाबी नाय दिसल्या. मी खोटं बोलले.’ आई चावत राहिली. कंदिलाच्या उजेडात तिचा जबडा हलताना दिसत होता, डोळे कुठंतरी भलतीकडेच होते. ठकी रडायला लागली होती.

‘कडू लागतंय का गं?’ गोठ्यातून नाना ओरडले. आवाज फाटला होता त्यांचा.

आईनं चोथा थुंकला.

‘कडूजहर हाय!’ ती ओरडली. ‘सोडा ते बैल.’ मग माझ्याकडे वळली. ‘अन् तू काय बसलीस? उचल ते दप्तर. पळ.’

मी पळाले. कशी पळाले मला आठवत नाही. दार उघडं होतं, प्रार्थना व्हायची होती. त्या दिवशी बाईंनी काय शिकवलं, देव जाणे. बाहेर पाऊल वाजलं की वाटायचं, मळ्यातून कोणीतरी बोलवायला आलं. कडू लागलं, कडू लागलं, असं मी मनाला सांगत होते आणि मन ऐकत नव्हतं. शाळा सुटल्यावर बाकीच्या मुली उड्या मारत गेल्या. मी सगळ्यांच्या मागून निघाले. नासर्डी ओलांडली की एक चढ आहे, तो चढला की आमचं घर दिसतं. मी चढाच्या खाली बसून राहिले. घरात कोणी गेलं की त्याच्या शेवटच्या आंघोळीचं पाणी बाहेर, अंगणात तापवतात. म्हणजे वर गेल्यावर धूर अंगणात दिसला तर सगळं संपलं, आणि कौलांतून दिसला तर आई चुलीपुढं बसली असेल. उन्हानं वाळू भाजत होती. मी किती वेळ बसले कोण जाणे. शेवटी डोळे मिटून चढ चढले आणि उघडले.

धूर कौलांतून येत होता.

आई भाकरी थापत होती. बोट सुजून टम्म, त्याला हळद लावलेली, ते उचलून धरून बाकीच्या नऊ बोटांनी थापत होती. ‘आलीस? पाय धू,’ म्हणाली. मी दारातच मोठ्यानं सुरू केलं, ‘आई, मी खोटं…’

‘ऐकलं मी सकाळी. वरडतीस कशाला, नाना हायत पलीकडं.’ तिनं भाकरी उलटली. ‘मला काय डोळे नायत? मला दिसत नव्हतं का, अजून अंधार हाय ते?’

‘मग तू हात का घातलास?’

तिनं भाकरी निखाऱ्यावर टेकवली. दुसऱ्या दिवशी नानांनी विचारलं तेव्हा मी ‘नाय’ म्हणाले आणि कितीतरी वेळ ‘नाय’च म्हणत राहिले. रेषा दिसल्या तेव्हा आई म्हणाली, ‘आता तू जा शाळेत. तुझी ओळ मी धरते.’ नाना कुरकुरले, पण आईनं ऐकलं नाही. माल उशिरा जायला लागला, चाचांनी दोन दिवस तोंड वाकडं केलं आणि तिसऱ्या दिवशी कळी बघून खूश झाले. तिसरी फुली माझ्या नावापुढे पडली नाही. चौथीची परीक्षा झाली, सातवीची झाली, आत्याचं स्थळ आत्याकडेच राहिलं. झाले मी बाई.

पुढे मोठी बाई झाले तेव्हा सकाळच्या शाळेची सूचना माझ्याच सहीनं निघायची. मी साडेसात लिहायची. ‘बाई, सगळ्या शाळा सातला भरतात,’ असं प्रत्येक नवा साहेब सांगायचा. ‘नीट उजाडू द्या की हो,’ मी म्हणायची. शिक्षिका मागं हसायच्या, बाईंना झोप आवरत नाही म्हणायच्या. दार मी कधी लावू दिलं नाही. उशिरा आलेल्या मुलीला विचारायची ते एकच, कुठून आलीस आणि काय करून आलीस. कुणी दूध घालून यायची, कुणी विड्या वळून. आता समोरच्या, माझ्याच जुन्या, शाळेत पुन्हा सात झालेत. परवा पहाटे एक पोरगी बंद दाराशी उभी दिसली, ओल्या केसांची. दार उघडेपर्यंत मी खिडकीतून बघत राहिले.

एक सांगायचं राहिलं. नाना गेल्यानंतर आई माझ्याकडे राहायला आली. एका पाडव्याला मी तिच्या हातावर कडुनिंब-गूळ ठेवला. तिनं चावला आणि तोंड असं वाकडं केलं की मी हसले.

‘हसतीस काय?’ ती म्हणाली. ‘कडू हाय. त्या दिवशीचा नव्हता लागला.’

‘कुठल्या दिवशीचा?’

‘बोटाला टोचलं त्या. लय चावला मी, भागे. गवत चावल्यावानी. कायच लागंना.’

 मी हातातली वाटी खाली ठेवली. ‘आणि तू कडू म्हणालीस? नाना गाडी जुंपत होते, तू त्यांना बैल सोडायला लावलेस?’

‘मग काय करू?’ आई म्हणाली. ‘तू दप्तर खाली ठेवलं हुतंस.’